बाळाला दुधाची अ‍ॅलर्जी? डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं?

प्रश्न: बाळ अडीच महिन्यांचं, फक्त अंगावरचं दूध. शीमध्ये रक्ताचे धागे, गालांवर चट्टे. कोथरूडला राहतो. कोणाला दाखवू?

उत्तर १: आधी नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, गरज पडली तर ते बालपोटविकारतज्ज्ञांकडे पाठवतील. पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयातही बालरोग ओपीडी आहे. रक्त दिसलेल्या लंगोटाचा उजेडात फोटो काढा. वजनाची नोंद असलेलं लसीकरण कार्ड न्या. वजन वाढतंय की नाही, यावर बरंच ठरतं. रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून अ‍ॅलर्जी नाही असं नसतं, उशिरा दिसणारा प्रकार त्यात सापडत नाही.

उत्तर २: स्तनपान थांबवू नका. डॉक्टरांनी सांगितलं तर आईनं २ ते ४ आठवडे स्वतःच्या खाण्यातलं दूध आणि दुधाचे पदार्थ पूर्ण बंद करायचे. फसतं ते चहातल्या दोन चमचे दुधावर, नाहीतर खारी-बिस्किटांवर. पाकिटावर व्हे, केसीन (ही दुधातली प्रथिनं), दूध पावडर शोधा. तूपही नको. आईला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळायला हवं. फरक पडला की डॉक्टरांना विचारून पुन्हा दूध सुरू करून बघतात. त्रास परतला तरच निदान पक्कं.

उत्तर ३: शेळीचं, म्हशीचं दूध चालत नाही, प्रथिनं जवळपास तीच. लॅक्टोज-फ्री पावडरही निरुपयोगी, कारण दोष लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा नाही, प्रथिनांचा आहे. बाळाला पावडर लागलीच तर खूप विघटित प्रथिनांची, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली. कडवट लागते, शी हिरवट होते, घाबरू नका.

ओठ सुजले, श्वास घरघरला किंवा बाळ मलूल पडलं तर थेट १०८.