गेम तयार आहे, पण परिषदेला शोधनिबंध कशावर पाठवावा?

नवशिकी (प्रश्न)

संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून मी गेले वर्षभर कोड्यांचा एक गेम तयार करत आहे. चौकटींच्या पटावर ठोकळे ढकलत ते नेमून दिलेल्या घरांत न्यायचे, असे त्याचे स्वरूप आहे. सोकोबान खेळलेल्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की यातील एकही लेव्हल मी हाताने रचलेली नाही. प्रोग्रॅम लेव्हल तयार करतो, ती सुटते की नाही हे स्वतःच सोडवून पाहतो आणि सोडवताना त्याला पटाच्या किती वेगवेगळ्या स्थिती तपासाव्या लागल्या यावरून तिला १ ते १० असा काठिण्यक्रमांक देतो. हा गेम मी ३४ जणांकडून खेळून घेतला आणि त्यांची प्रत्येक चाल वेळेसह नोंदवून ठेवली आहे.

माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे आहे की हे काम एखाद्या परिषदेला पाठवावे. त्यांचा स्वतःचा विषय डेटाबेस असल्यामुळे नेमके कोठे पाठवावे हे त्यांनाही ठामपणे सांगता येत नाही. मी शोधू लागले तेव्हा इतकी संक्षिप्त नावे समोर आली की त्यांतील वेगळेपणच कळेना. गेम तयार करणे हेच संशोधन मानले जाते का, की त्यासाठी आणखी काही करावे लागते? आणि गेम बनवणाऱ्या व्यावसायिकांच्या मेळाव्यांत व या परिषदांत नेमका फरक काय?

प्रामाणिकपणे हेही सांगते की माझे निकाल फारसे चांगले आलेले नाहीत. काठिण्यक्रमांक ३ असलेल्या काही लेव्हलवर बरेच खेळाडू अडकून पडले आणि ७ क्रमांकाच्या काही लेव्हल त्यांनी सहज सोडवल्या. हा भाग निबंधात थोडक्यात आटोपावा असा विचार आहे.

जुना खेळगडी

शेवटच्या परिच्छेदात जे आटोपायचे म्हणता, तोच तुमचा शोधनिबंध आहे. त्याकडे नंतर येतो.

आधी परिषदांविषयी. या क्षेत्राची दोन घराणी आहेत आणि त्यांचे एकमेकांकडे येणे-जाणे वाटते त्याहून कमी आहे. पहिले घराणे गेमकडे सांस्कृतिक वस्तू म्हणून पाहते: खेळाडू कोण आहेत, नियम आणि कथा यांचे नाते काय, खेळणे या क्रियेचा अर्थ काय. या घराण्याची मुख्य परिषद डिग्रा, म्हणजे डिजिटल गेमच्या संशोधकांच्या संघटनेची परिषद. २००२ मध्ये फिनलंडमधील ताम्पेरे येथे एक परिषद झाली होती; २००३ मध्ये डिग्रा ही संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे तिची पहिली परिषद भरली. तेथे समाजशास्त्र, साहित्य, माध्यमे, तत्त्वज्ञान अशा सर्व बाजूंनी आलेली माणसे भेटतात.

दुसरे घराणे संगणकशास्त्राचे. आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेने २००५ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात संगणकीय बुद्धिमत्ता आणि गेम या विषयावर परिसंवाद भरवला, त्याची पुढे वार्षिक परिषद झाली आणि २०१९ पासून ती कॉग या नावाने ओळखली जाते. त्याच २००५ साली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अमेरिकी संघटनेने एआयआयडीई ही परिषद सुरू केली. या दोन्हींकडे अल्गोरिदमला मान आहे, आणि गेम खेळणाऱ्या प्रोग्रॅमांच्या स्पर्धा हे त्यांचे जुने वैशिष्ट्य आहे. एफडीजी ही परिषद या दोन घराण्यांच्या मधली ओसरी म्हणता येईल. तिथे तंत्र, रचना, शिक्षण आणि थोडी समीक्षाही चालते. (२००९ ची एफडीजी फ्लोरिडातून निघालेल्या प्रवासी जहाजावर भरली होती. कंटाळवाणे सत्र सोडून बाहेर पडावे तर चोहीकडे समुद्र!) शेवटची ची-प्ले, २०१४ मध्ये टोरोंटोत सुरू झालेली. तिचा भर माणूस आणि यंत्र यांच्यातील व्यवहारावर असतो, आणि खेळाडूंवरील अभ्यासाची पद्धत तेथे फार बारकाईने तपासली जाते. २०२१ पासून तिचे निबंध नियतकालिकाच्या अंकात छापले जातात, त्यामुळे एका फेरीत स्वीकार किंवा नकार असे न होता दुरुस्ती करून पुन्हा पाठवण्याची संधी मिळते.

व्यावसायिकांचा मेळावा ही वेगळीच गोष्ट आहे. १९८८ मध्ये क्रिस क्रॉफर्ड यांच्या घरच्या बैठकीत पंचवीस-तीस जण जमले आणि त्यातून आजची जीडीसी, म्हणजे गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स, उभी राहिली. तेथे वक्ता सांगतो, ‘आम्ही हे असे केले आणि ते चालले.’ तेवढे पुरते. परिषदेत मात्र पुढचा प्रश्न येतो: ते चालले ते तुमच्या पद्धतीमुळेच, हे कशावरून? आणि ते तुमच्या गेमबाहेरही लागू पडेल का? ज्या कामाजवळ या दोन प्रश्नांची उत्तरे आहेत ते संशोधन. ज्याच्याजवळ नाहीत तो गेम कितीही सुंदर असला तरी शोधनिबंध होत नाही.

आता तुमच्या कामाकडे येतो. मी अशा परिषदांसाठी बरीच वर्षे समीक्षा करतो आणि ‘आम्ही लेव्हल तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला, तो चालतो’ एवढेच सांगणारे निबंध दरवर्षी वाचतो. त्यांना नकार देताना वाईट वाटते, पण द्यावा लागतो. तुमच्याजवळ त्याहून मोलाचे काही आहे: यंत्राला सोपी वाटलेली लेव्हल माणसाला अवघड गेली, आणि उलटही घडले. ते का झाले हा खरा प्रश्न आहे. चेक प्रजासत्ताकातील यारुशेक आणि पेलानेक या संशोधकांनी २०१० मध्ये सोकोबानच्याच कोड्यांवर हे तपासले होते. पटाच्या स्थितींची संख्या किंवा उत्तराची लांबी यांवरून माणसाला लागणाऱ्या वेळेचा नीट अंदाज येत नाही, असे त्यांना दिसले. तुम्ही ते वाचलेले नसेल तर आधी वाचा, कारण समीक्षकाने वाचलेले असण्याची दाट शक्यता आहे. त्यांची कोडी माणसांनी रचलेली होती, तुमची यंत्राने रचली आहेत. हा फरक निबंधाचा आधार होऊ शकतो.

सोंगटी

वरील प्रतिसादातील बहुतेक मुद्दे मान्य आहेत, पण ‘गेम कितीही सुंदर असला तरी’ या वाक्यावर हरकत नोंदवते. मी एका लहान गटात गेम तयार करते आणि अशा परिषदांना तीन वेळा गेले आहे, त्यांपैकी दोनदा निबंधाशिवाय. यांतल्या अनेक परिषदांत प्रात्यक्षिकांसाठी वेगळा विभाग असतो. दोन-चार पानांचे टिपण पाठवायचे आणि निवड झाली की टेबलावर गेम मांडून बसायचे. गेमच्या रचनेतूनच एखादी कल्पना तपासण्याची जी परंपरा आहे, तिलाही तेथे मान मिळतो, मात्र रचनेचे निर्णय का घेतले याची नोंद तुमच्याजवळ हवी.

माझा पहिला निबंध नाकारला गेला तेव्हा तीन समीक्षकांपैकी दोघांनी एकच वाक्य लिहिले होते: यात प्रश्न कोणता आहे? त्याच वर्षी तोच गेम मी प्रात्यक्षिकात मांडला. दुपारच्या दोन तासांत खेळून गेलेल्या लोकांनी जे प्रश्न विचारले, त्यांपैकी एक मला वर्षभर पुरला आणि पुढच्या निबंधाचा पाया झाला. नवशिकी यांनी निबंध जरूर लिहावा, पण प्रात्यक्षिकाला कमी लेखू नये.

जुना खेळगडी

हरकत मान्य. ‘शोधनिबंध होत नाही’ यापेक्षा ‘शोधनिबंधाचा अर्धाच भाग होतो’ असे म्हणायला हवे होते.

नवशिकी

दोघांचेही मनापासून आभार. त्या २०१० च्या कामाविषयी मला माहीत नव्हते. आज वाचायला घेतले आणि माझ्याच निकालांची सावली पाहिल्यासारखे झाले. नोंदी पुन्हा चाळल्यावर एक गोष्ट लक्षात आली आहे. ३ क्रमांकाच्या ज्या लेव्हलवर लोक अडकले, त्यांत एकदा तरी आधीच घरात बसलेला ठोकळा तेथून बाहेर काढावा लागतो. प्रोग्रॅमच्या दृष्टीने ती इतरांसारखीच एक चाल आहे. माणसे मात्र ती चाल सोडून बाकी सर्व करून पाहतात.

आता खेळाडूंच्या अनुभवाविषयी विचारते. मी सर्वांकडून जीईक्यू ही गेम खेळतानाचा अनुभव मोजणारी प्रश्नावली भरून घेतली होती, कारण जवळजवळ प्रत्येक निबंधात ती दिसली. तेवढे पुरेसे आहे का?

अर्धविराम

प्रत्येक निबंधात दिसते हे ती वापरण्याचे कारण म्हणून लिहू नका. जीईक्यूच्या मुख्य भागात ३३ विधाने आणि सात घटक आहेत, पण ती प्रश्नावली तपासणीच्या रीतसर प्रक्रियेतून प्रकाशित होण्याआधीच सर्वत्र पसरली. २०१८ च्या ची-प्ले परिषदेत तिचे पद्धतशीर परीक्षण मांडले गेले आणि सात घटकांची ती मांडणी प्रत्यक्ष आकडेवारीत टिकत नाही असे निघाले. त्यातही आव्हान आणि नकारात्मक भावना हे घटक डळमळीत ठरले. तुमचा सगळा प्रश्न काठिण्याचा असताना नेमका आव्हानाचाच घटक डळमळीत असावा हे तुमचे दुर्दैव. भरून घेतलेली माहिती टाकून देऊ नका, पण निष्कर्ष तिच्यावर उभा करू नका. पुढे खेळाडू बोलवणार असाल तर पीएक्सआय ही खेळाडूच्या अनुभवाची दुसरी प्रश्नावली पाहा. तिच्यात दहा घटक आणि प्रत्येकी तीन विधाने आहेत आणि तिची तपासणी बरीच काळजीपूर्वक झालेली आहे.

खरे तर तुमच्या प्रश्नाला प्रश्नावलीची फारशी गरजच नाही. तुमच्याजवळ प्रत्येक चालीची वेळेसह नोंद आहे. खेळाडू किती वेळ थांबला, किती वेळा मागे गेला, कोणत्या स्थितीला पुन्हापुन्हा येऊन पोचला, कोठे सोडून दिले, हे सर्व त्यातून मिळते आणि ते कोणाच्या आठवणीवर किंवा सौजन्यावर अवलंबून नाही.

लेव्हल तयार करणाऱ्या प्रोग्रॅमविषयीही चार ओळी हव्यात. तो किती विविध लेव्हल तयार करतो, की एकाच साच्यातल्या पुन्हापुन्हा काढतो, हे दाखवावे लागेल. २०१० मध्ये एफडीजीसोबत झालेल्या कार्यशाळेत गिलियन स्मिथ आणि जिम व्हाइटहेड यांनी यासाठी एक साधी रीत मांडली, ती आजही वापरात आहे. हजारो लेव्हल तयार करायच्या, प्रत्येकीचे दोन गुण मोजायचे आणि सर्व एका आलेखावर मांडायच्या. कोठे दाटी आहे आणि कोठे मोकळी जागा आहे हे नजरेत भरते. त्यांनी धावत-उड्या मारत जाण्याच्या गेमसाठी निवडलेले गुण तुमच्या गेमला लागू होणार नाहीत. तुमच्यासाठी एक गुण पटाच्या स्थितींची संख्या आणि दुसरा, तुम्ही वर सांगितलेला, घरातून ठोकळा बाहेर काढण्याच्या चालींची संख्या असू शकतो.

एक शंका. सर्व ३४ जणांनी लेव्हल एकाच क्रमाने खेळल्या का?

नवशिकी

होय. १ पासून १० पर्यंत, चढत्या क्रमाने.

अर्धविराम

मग अडचण आहे, आणि ती समीक्षकाने दाखवण्याआधी तुम्हाला कळलेली बरी. ७ क्रमांकाच्या लेव्हलपर्यंत पोचेतो खेळाडू साठ-सत्तर मिनिटे खेळलेला असेल आणि त्याचा हात बसलेला असेल. त्यामुळे ती लेव्हल सोपी होती म्हणून सुटली की तोपर्यंत तो शिकला होता म्हणून सुटली, हे या माहितीवरून सांगता येणार नाही. ३ क्रमांकाच्या लेव्हलबद्दलही हीच शंका घेता येते, फक्त उलट दिशेने.

काम वाया गेलेले नाही. या ३४ जणांच्या नोंदी प्राथमिक पाहणी म्हणून ठेवा आणि त्यांतून एकच अपेक्षा स्पष्ट शब्दांत लिहा: स्थितींची संख्या जवळपास सारखी असतानाही घरातून ठोकळा बाहेर काढावा लागणारी लेव्हल माणसाला अधिक वेळ घेते. मग अशा लेव्हलच्या जोड्या करा, ज्यांत फक्त हा एकच फरक असेल. तुमचा प्रोग्रॅम लेव्हल तयार करतो, म्हणजे हव्या तशा जोड्या शोधणे तुम्हाला इतर कोणापेक्षाही सोपे आहे. हाताने कोडी रचणाऱ्याला ते जमले नसते. नवे खेळाडू बोलवा, प्रत्येकाला वेगळा क्रम द्या, सुरुवातीला सरावाच्या दोन-तीन लेव्हल ठेवा आणि त्यांच्या नोंदी मोजणीत धरू नका. खेळाडूंची लेखी संमती आणि तुमच्या संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता खेळ सुरू होण्याआधी घ्यावी लागते, नंतर मिळवता येत नाही.

सोंगटी

विषय थोडा वेगळा, पण सांगून ठेवते. एकदा तुमचा पत्ता कोठे छापून आला की तुम्हाला पत्रे येऊ लागतील: ‘आपल्या थोर संशोधनाने आम्ही प्रभावित झालो आहोत, तीन दिवसांत स्वीकृती कळवू.’ अशा परिषदेच्या विषयांच्या यादीत गेमच्या शेजारी शेती, दंतवैद्यक आणि व्यवस्थापन सुखाने नांदत असतात. ओळखायची माझी रीत अशी: मागच्या तीन वर्षांचे छापील निबंध उघडावेत आणि तुम्ही ज्यांचे काम वाचता त्यांपैकी एक तरी नाव तेथे लेखक किंवा कार्यक्रम समितीचे सदस्य म्हणून दिसते का ते पाहावे.

खर्चाचेही आधीच विचारून घ्या. निबंध स्वीकारला गेल्यावर किमान एका लेखकाला नोंदणी करावीच लागते आणि विद्यार्थ्यांच्या नोंदणीवर निबंध छापता येतो की नाही, याचे नियम प्रत्येक परिषदेचे वेगळे असतात. काही परिषदांत सभागृहात मदतीचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना नोंदणी माफ होते. मी पहिल्या वर्षी तशीच गेले होते.

जुना खेळगडी

अर्धविराम यांनी सांगितलेला प्रयोग झाला तर माझी पहिली निवड कॉग असेल, कारण काठिण्याचा अंदाज आणि लेव्हलनिर्मिती हे दोन्ही तेथील रोजचे विषय आहेत. खेळाडूंचा अभ्यासच निबंधाचा मुख्य भाग झाला, तर ची-प्ले. डिग्रासाठी याच कामाचा निबंध वेगळ्या अंगाने लिहावा लागेल, तो आत्ता नको.

लिहिताना मात्र क्रम उलटा करा. बहुतेक विद्यार्थी आधी गेम, मग प्रोग्रॅम, मग खेळाडू आणि शेवटी निकाल अशा क्रमाने लिहितात, कारण काम त्याच क्रमाने झालेले असते. तुम्ही पहिल्याच पानावर दोन लेव्हलची चित्रे शेजारी शेजारी ठेवा. यंत्राच्या हिशेबाने दोन्ही सारख्याच अवघड, आणि खाली माणसांना लागलेला वेळ.

नवशिकी

ती दोन चित्रे कोणती असतील हे मला आत्ताच माहीत आहे. नीतिसमितीचा अर्ज आज मागवला. मान्यता आणि नवे खेळाडू मिळाले की नोंदींसह येथेच परत येईन.