मदत हवी आहे : टर्बाइनचं पातं खाचेत सैल का ठेवतात?

नमस्कार मंडळी,

मी डिप्लोमाच्या मुलांना मेकॅनिकल शिकवतो. मागच्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगात गॅस टर्बाइनचं, म्हणजे तापलेल्या गॅसच्या झोताने फिरणाऱ्या यंत्राचं, एक पातं सापडलं. विकणारा त्याला 'पंख्याचं पान' म्हणत होता, मीही घासाघीस करताना त्याला सुधारलं नाही. किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केलं, ३०० ग्रॅमला थोडं कमी भरलं.

बुडाला दोन्ही बाजूंनी करवतीसारखे दाते आहेत, म्हणजे ज्याला फर-ट्री रूट म्हणतात ते. बुडाच्या तळाला तीन भोकं. मागच्या पातळ कडेला फणीसारख्या बारीक चिरा. वर्गात नेलं आणि मुलांनी मला धारेवर धरलं. पुस्तकात लिहिलंय की हे दाते डिस्कच्या, म्हणजे पाती धरणाऱ्या फिरत्या चकतीच्या, खाचेत सैल बसवतात. एकजण म्हणाला, "सर, इतक्या वेगाने फिरणारी वस्तू सैल? वेल्ड का नाही करत?" दुसरीचा प्रश्न आणखी वाईट : पातं थंड करायला जी हवा त्याच्या आत सोडतात तीच ६०० अंशांची असते, मग ती थंड कशी? मी "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. आता दोन दिवस झाले. कोणी प्रत्यक्ष हे काम केलेलं आहे का?

— खाचखळगे

*

खाचखळगे सर, वीजकेंद्रात गॅस टर्बाइनच्या ओव्हरहॉलवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

आधी सैलपणाचं. थांबलेल्या मशीनमध्ये पातं हाताने हलतं. बंद केल्यावर रोटर (फिरणारा भाग) वाकू नये म्हणून त्याला बॅरिंग गियर नावाच्या यंत्रणेने हळू फिरवत ठेवतात, तेव्हा ही पाती वरून खाली येताना खडखडतात. नवा पोरगा असेल तर तो घाबरून धावत येतो! पण मशीन वेगात आलं की पातं बाहेर फेकलं जातं आणि दाते खाचेच्या दात्यांवर गच्च बसतात. तुमचंच पातं घ्या. ३०० ग्रॅम, मध्यापासून अर्धा मीटर, मिनिटाला १०,००० फेरे धरा. गणित मुलांकडून करून घ्या, सोळा टनांच्या वर ओढ येते. असं पातं घट्ट करायला पाचर कशाला हवी?

घट्ट ठोकलंत तर उलट वाट लागेल. पातं जास्त तापतं, डिस्क कमी, दोघांचा धातू वेगळा, त्यामुळे फुगणंही वेगळं. जागा नसेल तर चालू-बंद करतानाच दाते एकमेकांना चिरडतील. शिवाय थोडी फट असली की पातं स्वतःच नीट जागा घेतं आणि सगळ्या दात्यांवर भार वाटला जातो. घर्षणाने थोडं कंपनही मरतं. वेल्डचं म्हणाल तर पात्याचं निकेलचं मिश्रण ओतीव असतं, वेल्ड केलं की तडकतं, डिस्क मात्र घडवलेली असते. आणि एक पातं खराब झालं तर अख्खी डिस्क फेकणार का?

फक्त पुढे-मागे सरकू नये म्हणून बाजूने लॉक प्लेट किंवा दुमडलेली पट्टी लावतात. कवर प्लेट असेल तर तीच बुडापाशी हवेची गळतीही अडवते. हे महत्त्वाचं, कारण पात्याला धरून ठेवणारी जागा आणि हवा आत शिरायची जागा एकच आहे.

— बॅरिंगगियर

*

मास्तर, एक भर. विमानतळावर शिडीने विमानात चढताना उभ्या विमानाच्या इंजिनचा पंखा वाऱ्याने फिरत असतो आणि टकटक आवाज येतो, ऐकलाय? तिथेही तेच, पंख्याची पाती खाचेत सैल. पुढच्या वेळी मुलांना ऐकायला सांगा. (माझी बायको दरवेळी विचारते की इंजिन मोडलंय का.)

— वाऱ्यावरची

*

बॅरिंगगियर काका, आभार! पहिला प्रश्न सुटला. पण हवेचं काय? कॉम्प्रेसरच्या (हवा टप्प्याटप्प्याने दाबणाऱ्या भागाच्या) सुरुवातीच्या टप्प्यातली थंड हवा का घेत नाहीत?

— खाचखळगे

*

कारण दाब पुरत नाही. पात्याच्या समोरच्या कडेवर गॅसचा दाब चांगलाच असतो. आतली हवा त्याहून कमी दाबाची असेल तर भोकांतून गरम गॅसच आत घुसेल. म्हणून पहिल्या टप्प्याच्या पात्यासाठी कॉम्प्रेसरच्या शेवटाची हवा घ्यावी लागते, आणि दाबली म्हणजे ती तापलेलीच असणार. आमच्याकडे साधारण ४०० अंश असायची, विमानाच्या इंजिनात ६०० च्या वर जाते.

पण बाहेरचा गॅस १५०० अंशांच्या वर असतो आणि पात्याचा धातू १३०० च्या आसपास वितळायला लागतो. त्याच्या तुलनेत ६०० म्हणजे माठातलं पाणी समजा. ती बुडातून चढते, आतल्या वळणावळणाच्या वाटांनी फिरते, मागच्या चिरांतून निघते. अनेक पात्यांना पृष्ठभागावरही बारीक भोकं असतात, त्यातून पातळ थर पसरतो आणि गॅस धातूला थेट भिडत नाही. वरून झिर्कोनियाचा सिरॅमिक लेप. शिवाय डिस्कपाशी स्थिर नोझलने हवेला फिरण्याच्याच दिशेने आधी फिरवून सोडतात, त्यामुळे फिरत्या पात्याला ती आणखी थोडी गार लागते. ही हवा फुकट नाही. आधुनिक इंजिनांत अशी एकूण पाचव्या हिश्शापर्यंत हवा खर्ची पडते.

एक करून बघा. सुई काढलेली सिरिंज, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, एका भोकात पाणी दाबा. कुठून निघतं ते मुलांना दाखवा. आम्ही तुंबलेल्या वाटा अशाच शोधायचो.

— बॅरिंगगियर

*

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी : दुसऱ्या महायुद्धात मेसरश्मिट २६२ या जर्मन जेट विमानाच्या युमो ००४ बी इंजिनाची पाती पोकळ, हवेने थंड होणारी होती. निकेलसारख्या धातूंची टंचाई होती, म्हणून पत्रा वाकवून केलेली. चैनीची नव्हे, नाइलाजाची युक्ती.

— धूळपाटी

*

आज वर्गात केलं! पहिल्या भोकात पाणी दाबलं तर मागच्या कडेला फणीसारखी धार, मुलं ओरडलीच. दुसऱ्यातूनही. तिसऱ्यातून मात्र थेंब नाही. तुंबलंय, की असंच असतं?

— खाचखळगे

*

नखाने तपासा, तळाला पातळ पत्रा ब्रेझ केलेला (झाळून चिकटवलेला) आहे का? कुठल्या वाटेला किती हवा जायची ते मोजून सोडायला असे पत्रे लावतात.

— बॅरिंगगियर

*

आहे! त्याला टाचणीएवढं भोक आहे, मातीने गच्च भरलंय. सकाळी पिन घेऊन बसतो.

— खाचखळगे