ग्राफिक्स कार्ड आता बदलू की आधी प्रोसेसर?

फ्रेमवेडा:
मशीन असं आहे: रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम (८+८), जीटीएक्स १६६० सुपर, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय, १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर. नव्या गेम्सना हाय सेटिंगवर सेकंदाला ५०-५५ फ्रेम्स मिळतात आणि मधूनच गेम अडखळतो. पुढे १४४०पी मॉनिटर घ्यायचाय. कार्ड बदलू की प्रोसेसर? आणि माझा बोर्ड पीसीआयई (कार्ड बसतं तो स्लॉट) ३.० आहे, त्यावर आरटीएक्स ४०६० चालेल ना?

जुना_पंखा:
आधी कमी कोण पडतंय ते मोजा. आफ्टरबर्नर (गेम चालताना आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) च्या ओव्हरलेवर जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) युसेज, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रत्येक कोअरचा वेगळा युसेज आणि फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख लावा. व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेम लिमिट बंद ठेवा, नाहीतर सगळे आकडे खोटे. गेममधली गर्दीची एकच जागा पकडून तिथेच मोजा.

जीपीयू ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड कमी पडतंय. ६०-७० वर रेंगाळत असेल तर प्रोसेसर. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ४० टक्केच दिसतो म्हणून त्याला निर्दोष सोडू नका. ३६०० ला १२ थ्रेड्स (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत, गेमचा मुख्य थ्रेड एकट्यानेच गुदमरत असला तरी सरासरी कमीच दिसते.

मग रिझोल्यूशन ७२०पी करा. फ्रेम्स वाढल्या तर कार्ड, जागच्या हलल्या नाहीत तर प्रोसेसर. अडखळणं मात्र वेगळं तपासा: टेक्श्चर (पृष्ठभागांच्या चित्रांची प्रत) एक पायरी खाली आणून गेम पुन्हा सुरू करा. तेवढ्याने थांबलं तर ६ जीबी व्हीरॅम भरतेय. जाता जाता बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे का तेही बघा. बायॉस अपडेटनंतर ते बंद होतं आणि ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत राहते.

फ्रेमवेडा:
एक्सएमपी चालू आहे. १०८०पीला जीपीयू ९८ टक्के, व्हीरॅम ५.७ जीबी, फ्रेम्स ५२. ७२०पीला फ्रेम्स ८१, जीपीयू ७४ टक्के. टेक्श्चर मीडियम केल्यावर अडखळणं जवळजवळ गेलं.

सोळा_लेन:
म्हणजे कार्डच. पण दुसरा आकडा नीट वाचा. ७२०पीला जीपीयू ७४ वर उतरला, याचा अर्थ ८१ ही त्या जागी तुमच्या ३६०० ची कमाल आहे. कितीही महागडं कार्ड लावा, तिथे १४४ दिसणार नाही. १४४०पीला कार्डचं काम वाढतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं, त्यामुळे ७०-८० फ्रेम्सवर समाधानी असाल तर प्रोसेसर राहू द्या. नंतर त्याच बोर्डावर बायॉस अपडेट करून रायझन ५६०० किंवा ५७००एक्स३डी प्रोसेसर बसतो.

४०६० चालेल, पण मी घेणार नाही. स्लॉट सोळा लेनचा (डेटाच्या रस्त्यांचा) असला तरी ते कार्ड आठच लेन वापरतं. पीसीआयई ३.० वर म्हणजे एका दिशेने सेकंदाला साधारण ८ जीबी. सगळा डेटा व्हीरॅममध्ये मावतो तोवर फरक किरकोळ. ८ जीबी भरून डेटा सिस्टम रॅमकडे जायला लागला की हाच अरुंद रस्ता नडतो, आणि १४४०पीला नव्या गेम्समध्ये ते होऊ शकतं. म्हणजे आजचंच दुखणं पुन्हा. १२ जीबीच्या खाली जाऊ नका. आरटीएक्स ४०७० (१२ जीबी) किंवा आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबी मॉडेल बघा, दोन्ही पूर्ण सोळा लेनची आहेत. इंटेलच्या आर्क बी५८० कार्डाला १२ जीबी आहे, पण ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर ते फार मार खातं.

वायरमन:
पॉवरचं बघू. ४०७० चा टीडीपी (कमाल वीज वापर) २०० वॉट, ९०६० एक्सटी १६ जीबीचा १६०, ३६०० पूर्ण लोडवर ८८ च्या आसपास. सप्लाय चांगल्या प्रतीचा असेल तर ५५० पुरतो. स्लॉट ७५ वॉट देतो, ८-पिन १५०. कार्डाला दोन ८-पिन लागत असतील तर एकाच वायरची दोन टोकं लावण्यापेक्षा दोन वेगळ्या वायर ओढा. दुसऱ्या सप्लायची मॉड्युलर केबल कधीच लावू नका. सप्लायकडच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते, कार्ड जळू शकतं. १६-पिनवालं ४०७० मिळालं तर कनेक्टर पूर्ण आत जाऊन बसलाय हे टॉर्च मारून बघा, आणि तोंडाशीच वायर दुमडू नका. अर्धवट बसलेले कनेक्टर वितळू शकतात.

कॅबिनेटमधली लांबी समोरच्या पंख्याच्या आतल्या कडेपासून मोजा. जाडीही बघा, अडीच स्लॉटचं कार्ड खालच्या साटा पोर्टवर (डिस्कची वायर लागते तिथे) येऊ शकतं.

एनव्हिडियावरून एएमडीकडे (म्हणजे ९०६० एक्सटी) जात असाल तर नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, नेट काढा, सेफ मोडमध्ये डीडीयू (जुना ड्रायव्हर पूर्ण साफ करणारं सॉफ्टवेअर) चालवा. नेट चालू ठेवलंत तर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. मग सप्लायचा स्विच बंद, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, मागचे स्क्रू काढा, स्लॉटची खिट्टी दाबा आणि कार्ड सरळ वर ओढा. खिट्टी न दाबता हिसका दिला तर स्लॉटच उखडू शकतो.

रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू करायला बायॉसमधलं सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद करावं लागतं. विंडोजची डिस्क एमबीआर (जुन्या मांडणीची) असेल तर मशीन बूटच होणार नाही, म्हणून ती आधी जीपीटी (नव्या मांडणीची) करून घ्या, अर्थात बॅकअप घेऊन.

सोळा_लेन:
आणि कार्ड बदलल्यावर विंडोज बऱ्याचदा मॉनिटर ६० हर्ट्झवर टाकतं. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १४४ करा, मगच फ्रेम्स मोजायला बसा.