आत्याने कानात काय सांगायचे?

आत्या (सातारा): रविवारी बारसे आहे आणि बाळाच्या कानात नाव मला सांगायचे आहे, म्हणून आजच स्पष्ट विचारते. काल व्हिडिओ कॉलवर इंदूरच्या आजींनी बाळाला तीन वेळा 'ग्यानदा' अशी हाक मारली आणि आपल्यापैकी एकानेही दुरुस्ती केली नाही. नाव 'ज्ञानदा' ठरले आहे, त्याचा उच्चार 'द्न्यानदा' असा होतो, आणि ज्या घरात माझ्या वडिलांनी जन्मभर मराठी शिकवले, त्या घरातल्या मुलीला असे 'ग्यान' चिकटलेले मला चालणार नाही.

मामा (इंदूर): ताई, नमस्कार. आमच्या आईचे वय 82 आहे, त्यामुळे दुरुस्तीचे काम आता कठीण दिसते. होळकरांच्या गावात आमच्या पाच पिढ्या गेल्या. घरात आजही मराठीच बोलतो, पण शाळा सर्वांची हिंदीत झाली, त्यामुळे विज्ञानाचे 'विग्यान' आणि आज्ञेची 'आग्या' जिभेवर बसली ती बसलीच. यात बाळाचे काय बिघडले, हे समजले तर बरे होईल.

अण्णा काका: दोन्ही पक्ष चुकत आहेत. ज्ञ म्हणजे ज् अधिक ञ. मोबाइलवर ज, त्यापुढे पायमोडीचे चिन्ह आणि नंतर ञ असे क्रमाने टंकित करा, ज्ञ आपोआप उमटेल. त्यात द नाही आणि ग तर नाहीच नाही.

बंटी: अण्णा काकांनी हा उच्चार स्वतः करून त्याचे ध्वनिमुद्रण ग्रुपवर पाठवावे, ही नम्र विनंती. आम्ही घरी प्रयत्न केला, तेव्हा आईने वाफारा घ्यायला बसवले.

आजी: मी वाद घालत नाही, फक्त आठवण करून देते. बाळाचे नक्षत्र उत्तराषाढा, चरण तिसरे, म्हणून अक्षर 'जा' आले. 'ज्ञा' या जोडाक्षरात ज आहे, असे सांगून तुम्ही सर्वांनी मिळून मला या नावावर राजी केले. आता एकाच्या तोंडी द येतो आणि दुसऱ्याच्या तोंडी ग, मग माझा ज गेला कोठे?

बंटी: आजी, तो अण्णा काकांकडे सुरक्षित आहे.

मोठी काकू: मी पहिल्या दिवशीच 'जाई' सुचवले होते. अक्षरही जुळते आणि जोडाक्षराचा त्रासही नाही. परंतु माझ्या सूचनेवर फक्त एक अंगठा आला होता, तोही चुकून दाबला गेला असे नंतर कळले.

आत्या (सातारा): वहिनी, 'जाई' ठेवले तरी भांडण तेथेच राहील. आपण 'जावई' शब्दातला ज म्हणू आणि इंदूरकर 'जिलेबी'तला ज म्हणतील. मराठीत ज दोन असून लिहायला अक्षर एकच आहे, हे परक्या मुलुखात कोणाकोणाला समजावत बसायचे?

मामा (इंदूर): इंदूर परका मुलूख केव्हापासून झाला, ताई?

मोठी काकू: माझ्या मुलाचे नाव 'ऋत्विज' ठेवले, त्याला दिल्लीत आजही सगळे 'रित्विज' म्हणतात. तेव्हा मात्र कोणी ग्रुपवर चर्चा केली नाही. उलट "पुढच्या वेळी सोपे नाव ठेवा" असा सल्ला मिळाला. तो कोणी दिला, हे सर्वांना ठाऊक आहे.

आत्या (सातारा): माझा उल्लेख करायचा असेल, तर नावानिशी करावा.

बंटी: उच्चारासह.

अण्णा काका: दोन्ही पक्ष चुकत आहेत. ज्ञ म्हणजे ज् अधिक ञ.

मामा (इंदूर): ताई, राग मानू नका, पण एक विचारतो. दरवर्षी माउलींची पालखी लोणंदला आली की तुम्ही दर्शनाला जाता आणि आम्हाला फोटोही पाठवता. तेथे टाळमृदंगाच्या गजरात सगळे वारकरी 'ग्यानबा तुकाराम' म्हणतात. तेव्हा तुम्ही रांगेबाहेर काढून कोणाकोणाची दुरुस्ती करता? ते वारकरी काही इंदूरहून आलेले नसतात. हीच तर ग्यानबाची मेख आहे.

आत्या (सातारा): तो भक्तीतला उच्चार आहे, शाळेच्या पटावरचा नव्हे.

आजी: मी तर सुनेबरोबर फुगडी खेळताना 'ग्यानबा तुकाराम' म्हणत असे. भक्ती होती की दमछाक, हे आता आठवत नाही.

अण्णा काका: लोकांना ज्ञ कधी झेपलाच नाही. राज्ञीची राणी केली, आज्ञेची आण केली, यज्ञोपवीताचे जानवे करून गळ्यात घातले. म्हणूनच पुन्हा सांगतो, ज्ञ म्हणजे ज् अधिक ञ.

बाळाचे बाबा (वडोदरा): आपण सर्व वडीलधारी आहात, म्हणून थोडे अदबीने, पण खरे सांगतो. येथे सोसायटीतल्या शेजारीण बाईंनी नाव वाचून लगेच 'ग्नानदा' असे कौतुकाने म्हटले, कारण गुजरातीत ज्ञ तसाच उच्चारतात. म्हणजे घराबाहेर तिसरा पक्ष तयारच आहे. मला खरी काळजी रोमन अक्षरांची आहे. नाव डी, एन, वाय असे सुरू केले, तर बँकेत तिला 'डन्यानाडा' म्हणतील. जी, वाय असे केले, तर आत्या दारात उभे करणार नाही. आणि जे, एन असे केले, तर अण्णा काकांखेरीज कोणालाही वाचता येणार नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पारपत्र, वाहनपरवाना या सर्वांसाठी जन्मदाखलाच दाखवावा लागतो, त्यामुळे त्यावर जे लिहू ते तिला जन्मभर पुरणार आहे. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी होती, ती नावाशिवाय करून टाकली आहे. नाव 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून 15 वर्षांपर्यंत.

बंटी: मग 15 वर्षे थांबून तिलाच विचारावे.

मोठी काकू: किंवा 'जाई'.

अण्णा काका: जे, एन हेच बरोबर आहे. ज्ञानपीठ पुरस्काराचे रोमन लेखनही जे, एन असेच सुरू होते. कुसुमाग्रजांना 1987 सालचा मिळाला, तेव्हा कोणाचे काही अडले नव्हते.

आत्या (सातारा): अडले नाही, कारण आपण सर्वांनी तेव्हाही 'द्न्यानपीठ' असेच म्हटले, अण्णा. तुम्हीसुद्धा.

बाळाची आई: दोन दिवस वाचते आहे, बाळ झोपले म्हणून आता लिहिते. नाव मी निवडले होते. निवडताना ते लिहिलेले पाहिले, मोठ्याने म्हणून पाहिले नाही, ही माझी चूक समजावी. माझ्या तोंडून रात्री तीन वाजता 'ग्यानदा'च निघते आणि यांच्या तोंडून 'द्न्यानदा'. त्या वेळी ती दोन्हींकडे सारखेच दुर्लक्ष करते. दाखल्यावर डी, एन, वाय घालू या, कारण आडनाव सातारचे आहे आणि मला रविवारी शांतता हवी आहे. माझ्या आईला मात्र कोणीही दुरुस्त करू नये.

मामा (इंदूर): मान्य. येताना शेव आणतो.

आत्या (सातारा): हरकत नाही, इंदूरच्या आजींनी त्यांच्या पद्धतीने हाक मारावी. परंतु कानात मी 'द्न्यानदा' असेच सांगणार आहे आणि त्या वेळी अण्णांनी पाळण्याजवळ उभे राहू नये.