टेंडरात पहिल्याच लिफाफ्यात बाहेर पडलो, कुठं चुकलं?

उद्यमनगरची लेक

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांची छोटी फाउंड्री आहे, गेल्या वर्षापासून मी बघते. बिडाची मॅनहोल झाकणं आम्ही आजवर ठेकेदारांना देत आलो, तेच पुढं सरकारी कामांवर बसवतात. यंदा म्हटलं, आपणच भरू. एका नगरपालिकेचं टेंडर होतं, एचडी-२० म्हणजे जड वाहतुकीच्या दर्जाची १४० झाकणं. डीएससी म्हणजे डिजिटल सही काढली, महाटेंडर्स या राज्याच्या टेंडर पोर्टलवर नोंदणी केली, बयाणा म्हणजे अनामत रक्कम भरली. पहिला, म्हणजे तांत्रिक लिफाफा उघडला आणि आम्ही अपात्र! दर कुणी बघितलाच नाही. कारण एका ओळीत: कागदपत्रे अपूर्ण. बाबा म्हणतात, हे आपलं काम नव्हे. मला मात्र सोडवत नाही. कुणी अनुभवी सांगाल का?

शिरोलीचा व्हॉल्व्हवाला

ताई, सोडू नका. मी वीस वर्षं पाण्याच्या योजनांना व्हॉल्व्ह देतोय. लाखेनं सील केलेले लिफाफे घेऊन एसटीनं जायचो तेव्हापासून. माझी पहिली तीन टेंडरं अशीच पहिल्या लिफाफ्यात गेली.

पहिल्या लिफाफ्यात नुसते कागद असतात. त्यात जे पास, त्यांचाच दराचा लिफाफा उघडतो. तुमच्या लॉगिनमध्ये तांत्रिक मूल्यमापनाचा सारांश दिसेल, तो काढा. त्यातही मोघम लिहिलं असेल, तर कोणता कागद कमी पडला हे कार्यालयाला लेखी विचारा आणि पोच घ्या. तोंडी विचारून काही हाती लागत नाही.

माझा अंदाज सांगतो. आयएस १७२६ या बिडाच्या झाकणांच्या भारतीय मानकाप्रमाणे केलेला चाचणी अहवाल तुमच्या नावावर आहे का? आणि पूर्वी माल पुरवल्याचा दाखला? तुम्ही हजारो झाकणं ओतली असतील, पण कार्यालयाच्या लेखी ती ठेकेदारानं दिली. घाम तुमचा, दाखला त्याचा. उद्यमनगरातल्या कितीतरी चांगल्या कारखान्यांचं हेच झालंय आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून आधी थेट कार्यालयाच्या लहान ऑर्डरी घ्या, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नोंदणी करा. वीस झाकणांची ऑर्डर असली तरी माल पोचल्याचा दाखला तुमच्या नावावर येतो.

लक्ष्मीपुरी, टेंडर भरून देणारा

दादांचं बरोबर आहे. थोडं माझ्याकडून. दराची बीओक्यू फाइल, म्हणजे दर भरायचा तक्ता, पोर्टलवरून उतरवून घेतल्यावर तिचं नाव बदलू नका, पोर्टल घेत नाही. सगळं अपलोड झालं की 'फ्रीझ' म्हणजे बोली कायम करायचं राहतं, ते केल्याशिवाय बोली पूर्ण होत नाही. वेळ पोर्टलच्या घड्याळाची, तुमच्या मोबाइलची नव्हे. टेंडरातल्या बदलांचं शुद्धिपत्रक रोज बघा, एखादी अट मधेच बदलते. दर जागेवर पोच धरून मागितलाय का, जीएसटीसह की वगळून, हेही नीट वाचा.

बयाण्याचं म्हणाल तर केंद्राच्या खरेदीत उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाला तो माफ आहे, २०१२ च्या खरेदी धोरणानुसार. नगरपालिकेच्या टेंडरात मात्र त्या टेंडरची अटच बघायची. तुमची उद्यम नोंदणी उत्पादक म्हणून आहे ना? व्यापारी म्हणून असेल तर हे फायदे लागू होत नाहीत.

उद्यमनगरची लेक

आत्ताच फाइल काढली. चाचणी अहवाल आहे, पण ठेकेदाराच्या नावावर. दादा, नेमकं तेच! नोंदणी उत्पादक म्हणूनच आहे. बाबांना भीती बिलाची आहे, सरकारी पैसे अडकतात म्हणतात.

शिरोलीचा व्हॉल्व्हवाला

बाबांची भीती खोटी नाही, माझंही एक बिल सात महिने अडकलं होतं. पण २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानं माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. म्हणून पोच घेताना तारीख, सही आणि शिक्का मालाच्या चलनावरच घ्या, थकलेल्या पैशासाठी या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडं अर्ज करताना तोच कागद लागतो. आणि अहवालासाठी या आठवड्यातच नमुना लॅबला द्या, पुढचं टेंडर निघायची वाट बघू नका.