मदत हवी आहे: सोन्याच्या पातळ फिल्मच्या पाकळ्या सारख्या वळत नाहीत

ऐरोली_प्रकाशकी
नमस्कार. सोन्याच्या फिल्ममध्ये भिंगरीच्या आकाराचे काप घेऊन त्यांच्या पाकळ्या आयनांच्या झोताने वर वळवण्याचे काम मी करत आहे. डाव्या आणि उजव्या वर्तुळ-ध्रुवित (ज्याचे विद्युतक्षेत्र पुढे जाताना गोल फिरते अशा) प्रकाशाला या रचनेने वेगवेगळा प्रतिसाद द्यावा, हा हेतू आहे. अशा अनेक भिंगऱ्यांच्या जाळीतील मधल्या पाकळ्या व्यवस्थित उठतात, कडेच्या मात्र जेमतेम हलतात, आणि मात्रा (दर क्षेत्रफळावर पडणाऱ्या आयनांचे प्रमाण) वाढवली की मधल्या गरजेपेक्षा जास्त वळतात. खाडीपलीकडच्या संस्थेतील यंत्राची वेळ याच आठवड्यात मिळाली आहे. मात्रा नेमकी किती ठेवावी, ते कृपया लवकर सांगावे.

पातळपत्रा
ताई, फिल्मची जाडी, आयन कोणते, व्होल्टेज किती आणि फिल्म खालून मोकळी आहे की नाही, यातले काहीच आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय मात्रेचा आकडा कोणीही देऊ शकणार नाही.

कोपरीकर
माझ्या मते आयनांचा मार्गच सोडावा. सोन्यावर क्रोमियमचा पातळ थर चढवा. बाष्पीभवनाने बसवलेल्या क्रोमियममध्ये मुळातच मोठा ताण असतो, त्यामुळे खालचा आधार काढताच सगळ्या पट्ट्या एकदम वळतात. वक्रता स्टोनीच्या १९०९ सालच्या सूत्राने (थरातील ताण आणि वळण यांचा संबंध सांगणाऱ्या) काढता येते.

पातळपत्रा
कोपरीकर, क्रोमियम प्रकाश शोषते. ज्या रचनेचे सारे महत्त्व प्रकाशीय प्रतिसादात आहे तिच्यावर ते चढवणे मला पटत नाही. शिवाय स्टोनीचे सूत्र ताणाचा थर आधारापेक्षा खूपच पातळ असेल तेव्हाच लागू पडते, इथे तशी स्थिती नाही.

ऐरोली_प्रकाशकी
जाडी ८० नॅनोमीटर, गॅलियम आयन, ३० किलोव्होल्ट. सिलिकॉन नायट्राइडच्या खिडकीवर (चौकटीत ताणलेल्या पातळ पडद्यावर) सोने बसवून नायट्राइड मागच्या बाजूने प्लाझ्माने (आयनित वायूने) खोदून काढले आहे, म्हणजे फिल्म अधांतरी आहे.

वाशीकर
पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत असे पापुद्रे पाण्यामुळे खाली चिकटतात. नमुना द्रव कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवून ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बारच्या पलीकडे नेऊन वाळवावा, म्हणजे द्रव-वायूची सीमाच न उरल्याने पृष्ठताण पापुद्र्यांना ओढत नाही.

पातळपत्रा
वाशीकर, काप आणि वळण दोन्ही निर्वातातच होतात आणि खाली चिकटायला पृष्ठभागच नाही.

कळवा_भौतिकी
अतिनील प्रकाशासाठी ॲल्युमिनियम अधिक चांगले ठरेल, त्याचाही विचार करावा.

तुर्भे_निर्वात
अतिनीलचा प्रश्न इथे कोणी विचारलेला नाही. शिवाय गॅलियम ॲल्युमिनियमच्या कणसीमांत (स्फटिककणांमधल्या सीमांत) शिरून त्याला ठिसूळ करते, त्यामुळे या झोताखाली तो धातू नकोच.

मूळ प्रश्नाकडे येतो. ३० किलोव्होल्टचे गॅलियम सोन्यात साधारण १० नॅनोमीटरपर्यंतच शिरते. तेवढ्या वरच्या थरातले अणू उडतात, रिकाम्या जागा तयार होतात, थर आकसू पाहतो आणि खालच्या अबाधित सोन्याला झोताच्या दिशेने वर खेचतो. २०१८ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये आलेल्या नॅनो-किरिगामीच्या (कागद कापून आकार उभे करण्याच्या जपानी कलेवरून सुचलेल्या सूक्ष्म रचनांच्या) कामातही याच ताणाने भिंगऱ्या उभ्या केल्या होत्या. मात्रा सगळीकडे सारखी असूनही फरक कडेलाच पडत असेल, तर माझा संशय मागे उरलेल्या नायट्राइडवर आहे. खोल खड्ड्याच्या भिंतीलगत प्लाझ्माचे खोदकाम मंदावते, म्हणून मध्य साफ होतो आणि कडेला पातळ थर राहून जातो. नायट्राइड सोन्यापेक्षा कितीतरी ताठ असते, आणि त्यात ताण असल्यास ते पाकळीला उलट खाली ओढते.

मात्रेला हात लावण्यापूर्वी मध्यभागी एक आणि कडेला एक, अशा एकाच मापाच्या दोन सुट्या पट्ट्या कापा आणि दोन्हींना एकच मात्रा द्या. कडेची कमी वळली, तर थर उरला आहे असे समजा. दोन्ही सारख्या वळल्या, तर झोत पाकळ्यांवर एकेक करून फिरतो की सगळ्यांवर एकत्र, ते तपासा; एकेक करून फिरवल्यास आधी वळलेली पाकळी शेजारणीचा आधार बदलते.

ऐरोली_प्रकाशकी
झोत सगळ्या जाळीवर एकत्रच फिरतो. थर उरलाच असेल, तर याच नमुन्यावर मागून पुन्हा प्लाझ्मा चालवता येईल का?

तुर्भे_निर्वात
कापलेल्या नमुन्यावर नको, कारण प्लाझ्मा फटींतून वर येऊन पाकळ्या तापवेल आणि ताण सैल पडेल. न कापलेली खिडकी असेल तर तिच्यावर चालवा, आणि जाळी भिंतीपासून शक्य तितकी आत आखा.