स्वादुपिंडाचा कर्करोग लवकर ओळखायच्या संशोधनाला सरकारी पैसा द्यावा का?

बोरीबंदर
मनोहर पर्रीकरांचा आजार फेब्रुवारी २०१८ मध्ये समोर आला. १७ मार्च २०१९ ला ते गेले. मुंबई, अमेरिका, दिल्ली, उपचारांत कुठे कसर नव्हती. स्वादुपिंडाचा कर्करोग असाच वागतो. अवयव पोटात खोल, गाठ बराच काळ गप्प, आणि कावीळ किंवा पाठदुखी सुरू होईतो निम्म्या रुग्णांत रोग पसरलेला असतो. शस्त्रक्रिया करता येते पाचात एकाची. अमेरिकेतसुद्धा पाच वर्षं जगणारे १३ टक्केच.

एक धागा मात्र हाती आहे. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह झालेल्यांपैकी साधारण एक टक्का लोकांत तीन वर्षांच्या आत हा कर्करोग सापडतो, असं अमेरिकेतल्या २००५ च्या अभ्यासात दिसलं. आपल्याकडे दहा कोटी मधुमेही आहेत. नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यात तीनशेच्या वर केंद्रं आहेत. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) अशा नव्या मधुमेहींचा बहुकेंद्री अभ्यास उभा करावा, असं माझं मत आहे. तुमचं?

माजघर
विरोध. आधी जे जमतं ते तरी करा! टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका व्हिनेगर लावून गर्भाशयमुख तपासायच्या, बस्स. त्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. निकाल २०१४ चा. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) ही तपासणी कधीतरी झालेल्या बायका किती? तिशी ते पन्नाशीतल्या जेमतेम दोन टक्के. तयार उपाय धूळ खात पडलाय आणि तुम्हाला नवा शोध हवाय.

बोरीबंदर
पण ते पैसे इथून वळवा असं मी कुठे म्हटलंय? तपासणी हा आरोग्यखात्याचा खर्च, हा संशोधनाचा.

माजघर
कागदावर वेगळे. अर्थसंकल्पात खिसा एकच असतो.

बे एके बे
जरा आकडेमोड. भारतात वर्षाला लाखात एक-दोघांना हा रोग होतो. समजा चाचणी इतकी चांगली की निरोगी माणसांपैकी ९९ टक्क्यांना ती बरोबर मोकळं सोडते. तरी लाखातल्या हजार जणांना खोटी धास्ती, त्या दोघांपायी. म्हणूनच अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये पुन्हा सांगितलं की लक्षणं नसलेल्या सर्वसामान्यांना यासाठी तपासू नका.

आता तेच गणित पन्नाशीच्या नव्या मधुमेहींवर करा. तीन वर्षांत लाखात हजार खरे, हजारच्या आसपास खोटे. दोनातला एक! म्हणजे चाचणीइतकंच महत्त्व ती कुणावर करायची याला आहे. पण तो एक टक्का अमेरिकेचा. मूळ प्रमाणच इथे कितीतरी कमी, तेव्हा इथला आकडा काय येईल?

काचपट्टी
नेमकं तेच शोधायला हा अभ्यास हवा. मी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून थोडं लांबण लावते. सीए १९-९ नावाचा पदार्थ रक्तात मोजायची चाचणी कित्येक वर्षांपासून आहे. काविळीतही तो वाढतो, आणि पाच-दहा टक्के लोकांच्या शरीरात तो पदार्थ तयारच होत नाही. नवीन चाचण्यांचं दुखणं वेगळं. बहुतेक जण निदान झालेल्या रुग्णाचं रक्त निरोगी माणसाच्या रक्ताशी ताडून पाहतात. तिथे फरक दिसणारच, रोग पुढे गेलेला असतो. खरं हवं असतं ते निदानाच्या दोन वर्षं आधी काढून गोठवलेलं रक्त. एका रुग्णालयाला असे नमुने मिळून मिळून किती मिळणार? सहकार्याला पर्यायच नाही. शिवाय केरळात पूर्वापार दिसणारा उष्णकटिबंधीय स्वादुपिंडदाह घ्या. त्या रुग्णांत धोका बराच जास्त. त्यांचा अभ्यास आपण नाही तर कोण करणार?

सोलापुरी चादर
स्टीव्ह जॉब्जसुद्धा यानेच गेला ना?

काचपट्टी
त्याचा न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींचा प्रकार होता, बराच मंद. इथे तो जोडू नका.

माजघर
लवकर सापडलं म्हणजे जीव वाचला, हे गृहीत का धरताय? दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास सुरू झाली. २०११ पर्यंत रुग्ण १९९३ च्या पंधरा पट, मृत्यू तेवढेच. हजारोंच्या ग्रंथी विनाकारण काढल्या. इथे तर व्हिपल शस्त्रक्रिया. स्वादुपिंडाचा माथा, आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्तनलिका, सगळं कापायचं. चुकून झाली तर?

बोरीबंदर
थायरॉइडच्या बऱ्याच गाठी जन्मभर निरुपद्रवी राहतात. ही तशी गाठ नाही. अमेरिकेतल्या कॅप्स-५ या अभ्यासात घराण्यात रोग असलेल्या किंवा जनुकीय दोष असलेल्या १४६१ जणांवर नियमित नजर ठेवली. त्यात नऊ जणांना हा कर्करोग झाला, सातांचा पहिल्याच टप्प्यात सापडला.

बे एके बे
नऊच जण. आणि लवकर सापडला की जगण्याची वर्षं मोजायला आपण आधीपासून सुरुवात करतो, त्यामुळे मरण तेव्हाच आलं तरी आकडा फुगतो. उमेद वाटते, पण पुरावा म्हणून अपुरं.

गोदाकाठ
अमेरिकेचे निष्कर्ष येतील, मग आपण वापरू, असं कुणी म्हणण्याआधी सांगतो. तिथल्या संरक्षण खात्याच्या वैद्यकीय संशोधन निधीत या रोगासाठी २०२४ मध्ये दीड कोटी डॉलर होते. २०२५ मध्ये शून्य.

माजघर
ठीक, मग माझ्या अटी. पैसा फक्त नमुने गोठवायला आणि रुग्णांचा पाठपुरावा करायला, 'लवकर ओळखा' म्हणून पॅकेज विकायला एक छदाम नाही. आणि नमुन्यांवर हक्क कुणाचा, हे पहिल्या दिवशी लिहून घ्या. आपली मोठी रुग्णालयं एकमेकांना एक फाइल देत नाहीत, रक्त कुठून देणार?

काचपट्टी
ही अट मला सगळ्यात अवघड वाटते. नमुना आमच्याकडे ठेवा, पेपरवर नाव आमचं घाला, यावरून जुळत आलेलं सहकार्य फिसकटताना पाहिलंय. निधी देणाऱ्यानेच नमुने मध्यवर्ती बँकेत जमा केल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नये.